काटा भरलेला दाखवत होता

मला बंब म्हणा किंवा दमकल म्हणा, मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे एवढं मात्र खरं. आंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब नव्हे हं, मी आग विझवणारा. माझे मालक भय्याजी मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्याकडे आगीच्या गाडीला बंबच म्हणतात. त्यांनी मला इथे छत्तीसगडात, स्मृति नगरातल्या घरी आणलं, त्या दिवशी त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, कुंपणावरून शेजारणीला मोठ्या आनंदाने सांगितलं, "हमारे यहाँ बंब आया है!" शेजारणीला ऐकू आलं 'बम', म्हणजे बॉम्ब. पाच मिनिटांत अर्धी गल्ली रिकामी झाली. मी मनातल्या मनात पोट धरून हसलो. माझ्या आयुष्यात हसण्यासारखं फार नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

आज मी एका भंगाराच्या आवारात उभा आहे. माझी घंटा काढून नेली, चाकंही गेली. पुढच्या आठवड्यात माझे तुकडे होतील, असं इथली माणसं बोलतात. त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. तीस वर्षं ती माझ्या पोटात होती. सांगायला मला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोंड असतं तरी ते दाखवायची हिंमत नव्हती.

छत्तीसगड राज्य झालंही नव्हतं तेव्हाचा माझा जन्म. इंजिन आणि सांगाडा एका गावी तयार झाला, टाकी आणि पंप दुसऱ्या गावी बसवले, पितळी घंटा तिसऱ्याच गावाहून आली. मला लालभडक रंग दिला. माझ्या कुशीत, पंपाच्या शेजारी, एक गोल काचेची तबकडी होती. टाकीत पाणी किती आहे ते तिच्यावरचा काटा दाखवायचा. डावीकडे रिकामी, उजवीकडे भरलेली. घंटेपेक्षाही मला त्या काट्याचा गर्व होता. घंटा नुसता आवाज करते, काटा खरं सांगतो, असं मला वाटायचं.

रसमडाच्या औद्योगिक भागातल्या एका लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात मला नोकरी लागली. त्या कारखान्याचं नाव आता फाटकावरही उरलेलं नाही. भय्याजी तिथे माझे चालक. गाडी चालवायची आणि पंपही सांभाळायचा. होजपाइपचं तोंड धरून पुढे आगीत शिरायचा तो सुमेध. भय्याजींपेक्षा आठ वर्षांनी लहान, सडपातळ आणि भारी बडबड्या. दोघांचा एक नियम होता. आगीवरून परत आलं की आधी गाडीला पाणी, मग माणसाला. कितीही तहान लागलेली असो, माझी टाकी भरल्याशिवाय भय्याजी स्वतःच्या तोंडाला पाण्याचा गडवा लावत नसत. नळ बंद केला की शिडीने वर चढून टाकीचं झाकण उघडायचे आणि आत डोकावून बघायचे. काट्यावर भरवसा असूनही बघायचे. तेव्हा मला त्याचा थोडा रागच यायचा.

त्या वर्षी तेरा एप्रिलला कारखान्यामागचं वाळलेलं गवत पेटलं. आम्ही ते विझवलं आणि निम्म्याहून अधिक पाणी वापरून परत आलो. भय्याजींनी टाकीला नळ लावला. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, भीमजयंती. संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी सुमेधने नवं निळं कापड आणलं होतं आणि तो माझ्या पायरीवर बसून फेटा बांधायचा सराव करत होता. त्याला तो काही केल्या जमत नव्हता.

भय्याजींनी तबकडीकडे पाहिलं. काटा अगदी उजवीकडे होता. त्यांनी नळ बंद केला आणि शिडीच्या दांड्याला हात घातला, तेवढ्यात सुमेध ओरडला, "भय्याजी, इकडे या ना! फेट्याचा शेव निसटूनच राहिला, कावून बसत नाही हा?"

भय्याजी हसले, शिडी सोडून त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला फेटा बांधून दिला.

मित्रांनो, माझ्या टाकीत पाण्यावर तरंगून काटा हलवणारा एक गोळा होता, त्याची दांडी गंजाने अडकली होती. गवतावर पाणी मारलं तेव्हा टाकी उतरली, पण काटा उतरलाच नाही. तो भरलेलाच दाखवत राहिला. म्हणून नळ लवकर बंद झाला आणि आत पाणी होतं जेमतेम अर्धं.

चौदा एप्रिल हा अग्निशमन दलाचाही दिवस. देशभरातले बंबवाले त्या दिवशी सकाळी आपल्या गेलेल्या सोबत्यांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहतात. आमच्याकडेही सगळे उभे राहिले. सुमेधने घडी घातलेला फेटा माझ्या पुढच्या सीटवर ठेवला होता. तासाभराने कारखान्याबाहेरच्या एका तेलाच्या गोदामाला आग लागली. आत एक हमाल अडकला होता. सुमेध त्याला आणायला शिरला आणि भय्याजींनी पंप सुरू केला. हमाल धडपडत बाहेर आला. सुमेध त्याच्या मागोमाग निघणार, तेवढ्यात माझं पाणी संपलं. होज एकदम लुळा पडला. भय्याजींनी तबकडीकडे पाहिलं. काटा भरलेलाच दाखवत होता. त्यांनी पंपाला लाथ मारली, सुमेधला हाका मारल्या. मग छपराचे पत्रे खाली आले.

सुमेध बाहेर आला नाही.

परत येताना फाटकाजवळच्या खड्ड्यात माझं चाक आदळलं. त्या हादऱ्याने दांडी सुटली आणि काटा टपकन डावीकडे पडला. साहेब लोक तपासणीला आले, तेव्हा माझा काटा शहाण्यासारखा रिकामी दाखवत होता. भय्याजी हात जोडून सांगत होते, "साहब, काँटा फुल दिखा रहा था. मैंने अपनी आँखों से देखा है." साहेबांनी काट्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं की चालकाने टाकी भरली नव्हती. भय्याजींची नोकरी गेली नाही. त्यांचं दुसरं काहीतरी गेलं, ज्याला कागदावर जागा नसते.

पहिली काही वर्षं ते ठामपणे सांगत, मी पाहिलं होतं. मग म्हणू लागले, पाहिलं असावं. पुढे पुढे त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. त्यांनी माझ्या तबकडीकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. रोज सकाळी ते बोटांच्या पेरांनी माझ्या टाकीवर खालून वरपर्यंत टकटक करत. भरलेल्या भागातून ठस्स आवाज येतो, रिकाम्यातून पोकळ. वरपर्यंत ठस्स आवाज आला की म्हणायचे, "जयभीम, बंबराव." मग कामाला लागायचे.

पुढे कारखाना बंद पडला आणि मी भंगारात निघालो. भय्याजींनी अर्जावर अर्ज करून मला मागून घेतलं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत माझ्यासाठी पत्र्याची शेड उभी राहिली. तिथे माझी खरी चैन झाली, हे मी नाकारणार नाही. रविवारी ते चिंच आणि राखेने माझी घंटा घासायचे. दर दिवाळीला नवा लाल रंग लागायचा. त्यांची मुलगी प्रेरणा माझ्या छपरावर बसून शाळेचा अभ्यास करायची. एकदा भागीरथाबाईंना पुढे बसवून ते मला थेट सिविक सेंटरच्या बाजारात घेऊन गेले. दोघांनी माझ्या पायरीवर बसून गुपचुप, म्हणजे इकडची पाणीपुरी, खाल्ली आणि येणारे-जाणारे सगळे आमच्याकडे बघत होते. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आम्हांला बक्षीसही मिळालं. एक तरुण म्हणाला, "अंकल, शौक हो तो ऐसा!" भय्याजी नुसते हसले आणि घरी येऊन त्यांनी ते प्रशस्तिपत्र गादीखाली सारून दिलं.

तो शौक नव्हता असं नाही. माझं इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. पण शौकाच्या गाडीत कुणी टाकी काठोकाठ भरून ठेवतं का? भागीरथाबाई विचारायच्या, "अवो, आता कुठची आग विझवाले जायचं हाय? आंगणातल्या झाडाले तरी टाका ते पाणी." भय्याजी ऐकत नसत. वर्षानुवर्षं पोटात पाणी घेऊन मी उभा राहिलो आणि त्या पाण्याने माझा तळ आतून खाल्ला.

दर चौदा एप्रिलला सकाळी ते घंटा एकदाच वाजवत आणि दोन मिनिटं उभे राहत. संध्याकाळी निळे झेंडे लावून मी मिरवणुकीत निघत असे. टपावर पोरंसोरं दाटीवाटीने बसत, पण पुढची शेजारची सीट रिकामी असायची. तिच्यावर सुमेधचा फेटा असे. लोकांना वाटायचं, सजावट आहे. घरी परतल्यावर भय्याजी दरवर्षी एकच वाक्य बोलायचे. "भागीरथा, मले वाटते, मी काटा पाह्यला होता."

आणि भागीरथाबाई मायेने म्हणायच्या, "जाऊ द्या ना. झालं ते झालं."

गेल्या दोन वर्षांत माझा तळ गळू लागला. भय्याजींचा श्वासही तोकडा पडू लागला होता. तरी ते बादलीने पाणी आणून ओतत, दोन बादल्यांनंतर पायरीवर बसत, मग तिसरी आणत. या पावसाळ्यानंतर त्यांना दवाखान्यात नेलं. जाताना त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. टकटक करायची ताकद नव्हती. ते परत आले नाहीत. माझी टाकी थेंब थेंब गळून रिकामी झाली आणि ती भरायला कुणीच आलं नाही.

प्रेरणा बिलासपूरला रेल्वेत आहे. आईला आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं. घर भाड्याने द्यायचं, पण मला कुठे ठेवायचं? तिने चार ठिकाणी विचारून पाहिलं, मला ठेवून घ्यायला कुणी तयार झालं नाही. शेवटी एका दुपारी भंगारवाले क्रेन घेऊन आले. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "दीदी, टंकी खाली करवा दो. भरी होगी तो क्रेन नहीं उठाएगी."

"भरलेलीच असणार," प्रेरणा म्हणाली. तिने सवयीने तबकडीकडे पाहिलं. काटा अगदी उजवीकडे होता. तिने खालचा नळ उघडला. दोन तांबडे थेंब पडले, बस. ती चमकली. मग तिने बाबांसारखी पेरांनी टकटक केली. खालून वरपर्यंत सगळा पोकळ आवाज. तिने पुन्हा तबकडी पाहिली आणि काचेवर मूठ आपटली. माझा काटा थरथरला आणि टपकन डावीकडे पडला.

प्रेरणाने रिकाम्या टाकीवर पुन्हा एकदा टकटक करून पाहिलं. मग ओरडली, "आई! जल्दी ये ना इकडे!"

भागीरथाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

"आई, टाकी पूरी खाली हाय. अन् काटा फुल दावून राहिला होता. मी ठोकला तवा पडला. आई, बाबाचं बराबर होतं. त्यायनं पाह्यलं होतं."

भागीरथाबाई माझ्या पायरीवर बसल्या. जिथे सुमेध फेटा बांधत बसला होता, तीच पायरी. माझ्या लाल रंगावर त्यांची कणकेने माखलेली बोटं उमटली.

"तीस वर्षं मले सांगून राहिले होते ते," त्या म्हणाल्या. "मी दरसाल म्हनलं, जाऊ द्या. पन 'तुमी पाह्यलं असंन, माहा विश्वास हाय' असं एकडावबी नाही म्हनलं, बाई. तेवढंच तर मांगत होते."

प्रेरणा त्यांच्याजवळ बसून रडली. भंगारवाले बाजूला जाऊन थांबले. मग तिने पाना मागून घेतला आणि ती तबकडी माझ्या कुशीतून सोडवून घेतली. आता ती बिलासपूरला असेल. बुद्धाच्या मूर्तीशेजारी भय्याजींचा फोटो लावायचा आणि फोटोपुढे निळ्या फेट्यावर तबकडी ठेवायची, असं ठरल्याचं मी क्रेनवर चढताना ऐकलं.

मित्रांनो, माझ्या कुशीत आता एक गोल भोक आहे. त्यातून वारा येतो-जातो आणि मला हलकं वाटतं, पण बरं वाटत नाही. वस्तू जपायच्या म्हणजे नुसत्या घासून चकचकीत करायच्या नसतात. त्या खरं सांगतात की नाही, हेही अधूनमधून ठोकून बघा. आणि घरातलं एखादं माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर त्याला जाऊ द्या म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं खरं धरा. नंतर ठोकलेला काटा पडतो, पण तो बघायला ते माणूस नसतं.

भय्याजींनी पाहिलं होतं. काटा भरलेला दाखवत होता. आणि तो दाखवणारा मी होतो.