बंबाच्या पाकिटातली काँटेसा

तेजस ठाकूरच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा जास्त जपलेली एक भिंत होती, आणि तिच्यावर लहान मुलांच्या गाड्या टांगलेल्या होत्या. लहान मुलांच्या, हे आपलं म्हणणं. तेजससमोर तसं म्हणायची सोय नव्हती. बोटभर लांबीच्या, ओतीव धातूच्या त्या गाड्या, आणि प्रत्येक गाडी आपापल्या कार्डावर, प्लास्टिकच्या फुग्यात, कारखान्यातून निघाली तशीच बंद. द्रोणागिरीच्या गोदामात दिवसभर कंटेनरांची चढउतार सांभाळून हा चाळिशीला टेकलेला गडी नेरूळ गावातल्या घरी यायचा आणि चहाच्या आधी त्या भिंतीपुढे उभा राहायचा.

"खेलायचाच नाय तर खेलनी आनता कशाला?" त्याची बायको नमिता विचारायची.

याचं उत्तर तेजसऐवजी आपण देऊ. दिवसभर दुसऱ्यांचा माल डोळ्यांपुढून जातो, त्यात कुठे खोका फुटलेला, कुठे कोपरा चेपलेला, आणि शिव्या मात्र तेजसला. अशा माणसाला मुठीत मावणारी, कुठेही ओरखडा नसलेली, पूर्णपणे आपली अशी एक वस्तू हवीशी वाटली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? लोक याहून वाईट गोष्टींना लागतात. फक्त तेजसचा एक हट्ट होता. पाकीट फोडलं की गाडी मेली, असं त्याचं मत होतं आणि आजवर एकही पाकीट त्याने फोडलं नव्हतं.

भिंतीच्या मधोमध त्याचा जीव की प्राण टांगलेला होता. कार्डावर चित्र लालभडक अग्निशमन बंबाचं, नावही बंबाचंच, आणि फुग्यात मात्र पांढरी काँटेसा, जुन्या काळची लांबलचक साहेबी मोटार. कारखान्यात कोणाला तरी डुलकी लागली असणार. जगात असं पाकीट एकच, असं तेजस छातीठोकपणे सांगायचा. खरंखोटं कोण तपासणार? पण एक गोष्ट नक्की होती. सगळी किंमत त्या बंदपणातच होती. पाकीट फुटलं की उरणार ती एक साधी पांढरी गाडी, आणि कारखाना चुकला होता हे मग कोणालाही पटवून देता येणार नव्हतं.

दर रविवारी सकाळी नेरूळच्या बागेत अशा गाड्या जमवणाऱ्या मंडळींचा अड्डा भरायचा. बाकांवर डबे उघडायचे, गाड्या निघायच्या, अदलाबदल व्हायची, आणि चालायला आलेल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसायच्या. त्या अड्ड्यात सगळ्यांत वयस्कर होते सिताराम गमरे. सगळे त्यांना काका म्हणत. महाप्याच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर साहेबांच्या गाड्या चालवल्या, स्वतःची कधी घेतली नाही. आता ते फक्त स्वतः चालवलेल्या गाड्याच जमवायचे, आणि त्याही पाकीट फोडून. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात त्यांच्या गाड्या असायच्या, खाली दुमडलेला रुमाल.

"तेजसशेठ," ते विचारायचे, "तुमच्या गाड्यांना जामीन कधी मिळणार?"

"तुमच्यासारखे हाल करण्यापेक्षा आत बऱ्या आहेत," तेजस म्हणायचा. दोघांचं भांडण ठरलेलं आणि दोघांनाही ते आवडायचं.

काकांच्या डब्यात एकच गाडी कमी होती, काँटेसा. सर्वांत जास्त वर्षं त्यांनी तीच चालवली होती. मागे एकदा ते तेजसकडे चहाला आले, भिंतीपुढे उभे राहिले आणि चहा निवला तरी तिथून हलेनात. "ही माझी," एवढंच म्हणाले. मग लगेच जीभ चावली. "म्हणजे तुझीच रे. मी काय मागत नाय." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

या वर्षी काका अड्ड्यावर यायचे थांबले. एक रविवार गेला, दोन गेले, मग तेजसने फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीने, राजश्रीने.

"काचबिंदू आहे दादा," ती म्हणाली. "एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं पण आता थोडंच राहिलंय. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत नाय येत. मी बाबांना म्हटलं, काय बघायचं असेल ते बघून घ्या, आपण जाऊ. गावाला जाऊ, कुठं पण जाऊ. तर म्हणाले, तेजसकडची काँटेसा. मी म्हटलं विचारते, तर माझ्यावरच ओरडले. विचारायचं नाय म्हणून." मग घाईघाईने म्हणाली, "मी विचारत नाहीये हां."

तेजसला धास्ती वाटली. काकांसाठी वाटली, हे खरं. पण थोडी त्या पाकिटासाठीही वाटली, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मग त्याने पळवाट शोधायला सुरुवात केली. अड्ड्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला, पुण्याच्या, सुरतेच्या लोकांना फोन केले. कोणाकडे आहे का पांढरी काँटेसा, फुटकी-तुटकी चालेल. पण बाजारात आली तेव्हा त्या साध्या गाडीकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि आता ती मिळत नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांच्या पोरांनी तिची चाकं काढून ठेवली होती. शेवटी शनिवारी रात्री जेवताना तेजसला तोडगा सुचला. पाकीटच घेऊन जायचं! काकांना बघायचीच तर आहे. बंद पाकिटातली गाडी काय दिसत नाही?

"दाखवायला नेताव का द्यायला?" नमिताने विचारलं.

"बघू."

"बघू म्हंजे नाय," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

रविवारी सकाळी तेजस काकांच्या घरी पोचला. पाकिटावर कडक प्लास्टिकची पेटी, पेटीवर टॉवेल, टॉवेलवर पिशवी. "जय भीम, काका," म्हणत तो आत शिरला. काका खिडकीपाशी टेबलाला धरून बसले होते. आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि चेहरा त्याच्याकडे वळवला, पण थोडा चुकीच्या बाजूला. तेजसला ते बघवलं नाही.

त्याने पेटीतून पाकीट काढून काकांच्या हातात दिलं. "ओळखा."

काकांनी ते डोळ्याला चिकटेल इतकं जवळ नेलं. मान तिरकी केली, खिडकीकडे धरलं, पुन्हा जवळ आणलं. त्यांचे ओठ हलत होते. "लाल काय तरी दिसतंय."

"ते कार्ड, काका. गाडी खाली बघा. काँटेसा आहे."

काकांनी पुन्हा प्रयत्न केला, चांगला बराच वेळ. "नुसतं चमकतंय रे," ते म्हणाले. त्या प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडत होता आणि त्यांच्या उरल्यासुरल्या नजरेला त्यापलीकडे जाता येत नव्हतं. मग डोळ्यांचा नाद सोडून त्यांनी अंगठा फुग्यावर ठेवला आणि गाडीचा आकार शोधायला हलकेच दाबला.

"काका, दाबू नका!"

तेजसच्या तोंडून ते निघून गेलं. अड्ड्यावर नवख्या पोरांवर ओरडतात तसंच, त्याच आवाजात. चहा घेऊन आलेली राजश्री दारातच थांबली. काकांनी अंगठा चटका बसल्यासारखा उचलला, पाकीट दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "जप हां."

काका रागावले असते तर तेजसला बरं वाटलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. तेजसने समोर पाहिलं. बंबाचं कार्ड, कुठेही न दुमडलेलं. फुगा, कुठेही न पिवळलेला. आणि एक म्हातारा माणूस, ज्याला या जगात बघायला काहीही माग म्हटल्यावर त्याने गावचं घर मागितलं नव्हतं, समुद्र मागितला नव्हता, ही मागितली होती. आणि आपण ती त्याच्यापुढे काचेत घालून आणली, वर दटावलं. त्याला स्वतःची चीड आली.

त्याने पाकीट उचललं. फोडायचं कुठून हेही त्याला माहीत नव्हतं. नखाने कोपरा उचकटायला गेला तर नख घसरलं. मग सरळ कार्ड धरलं आणि फुगा ओढला. टर्रकन आवाज झाला.

"काय केलंस?" काका उठायलाच लागले. "येड्या, काय केलंस? साधी होईल ना ती!"

"होऊ दे साधी," तेजस म्हणाला. त्याने काकांचा तळवा उघडला आणि त्यावर गाडी ठेवली.

काकांनी बोटं तिच्याभोवती मिटली. त्यांचा अंगठा लांबलचक बॉनेटवरून गेला, काचेवर चढला, टपावरून डिकीवर उतरला. मग त्यांनी गाडी डोळ्याजवळ नेली, खिडकीच्या उजेडात इकडेतिकडे फिरवली, आणि एका जागी हात थांबला.

"पांढरी," ते म्हणाले. "दिसली. दिसली रे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. राजश्री चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी गाडी टेबलावर ठेवली.

"चालवा ना काका," तेजस म्हणाला. "आता तुमचीच आहे."

"चालवली की पोटभर." काकांनी चाचपडत एक बोट गाडीच्या टपावर टेकलं, मागच्या बाजूला. "हा मागचा दरवाजा रोज उघडायचो, रोज लावायचो. पण मागं कधी बसलो नाय. साहेब रिटायर झाले त्या दिवशी म्हणाले, सिताराम, आज तू मागे बस, मी चालवतो. मला लाज वाटली. नको म्हटलं." ते हसले. "अजून वाटतं, बसायला हवं होतं."

बोट त्यांनी उचललं नाही. "तू चालव तेजस."

तेजसने गाडी दोन बोटांत धरली आणि टेबलावरून पुढे ढकलली. चाकं फिरली. पाण्याच्या ग्लासाला वळसा घालताना, कोणी बघतंय याची पर्वा न करता, त्याने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला, घुर्रर्र. काकांचं बोट टपावर टेकून गाडीबरोबर चाललं होतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि पाठ खुर्चीला ऐसपैस टेकली होती.

"सावकाश घे रे," ते म्हणाले. "मागं माणूस बसलंय."