ओरेनाचं बारसं

शिवलीलानं पाळण्याच्या दोरीला झेंडूची माळ गुंडाळली, मागं सरून बघितली आणि पुन्हा सोडली.

"अगं, बांध की एकदाची," आई, म्हणजे गौरम्मा, म्हणाल्या. त्या परातीत घुगऱ्या ओतत होत्या. "बाया यायला लागल्यात. नाव ठेवायचंय का दोरीचं माप घ्यायचंय?"

शिवलीलानं माळ पुन्हा उचलली. नाव तर ठेवलेलंच होतं. हुलसूरच्या त्या घराच्या दारात दोन बांबूंच्या मधे फ्लेक्स ताणून बसवला होता: 'कु. ओरेना हिच्या नामकरण सोहळ्यात आपले हार्दिक स्वागत.' तिच्या भावानं, संगमेश्वरनं, तो भालकीहून छापून आणला होता. कोपऱ्यांत ड्रॅगन टाक असं त्यानं बजावून सांगितलं होतं. फ्लेक्सवाल्यानं मोर टाकले होते.

"आत्यानं कानात सांगायच्या आधी नाव दारात टांगणारा बाप पहिल्यांदाच बघायले मी," शेजारच्या राजूबाई आत येता येता म्हणाल्या. "आन् ही ओरेना कोण म्हणायची? कुठली देवी?"

"राणी हाय," संगमेश्वर अंगणातून ओरडला. "ड्रॅगनवर बसती."

"बसू दे बाई. पडली न्हाई म्हणजे झालं."

ओरेना जिच्यात होती ती सहा जाड पुस्तकांची मालिका बहीणभावांनी शाळेत असताना वाचायला घेतली होती. पुस्तक एक, वाचणारी दोघं, त्यामुळं भांडण रोजचं. राजपुत्र मिळमिळीत आहे यावर दोघांचं एकमत होतं. त्याचा काका हादेक दगाबाज, पण निदान तोंडावर दगा देणारा, असं शिवलीलाचं मत होतं. ते संगमेश्वरला कधीच पटलं नाही. ओरेनावर मात्र वाद नव्हता. पंधराव्या वर्षी ती तमीरा नावाच्या ड्रॅगनवर बसली, मिठाच्या खाणीतले गुलाम सोडवले आणि कुणापुढं मान वाकवली नाही. कलबुर्गीला नोकरीच्या मुलाखतीला जाताना शिवलीलानं दाराबाहेर क्षणभर थांबून ओरेनाची चाल आठवली होती. आपल्या घरात पहिली मुलगी होईल ती ओरेना, हे त्या दोघांनी नववी-दहावीतच ठरवून टाकलं होतं.

काल कलबुर्गीहून येताना तिनं बसमध्ये सहावं पुस्तक संपवलं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ओरेनानं एक शहर जाळलं. शहर शरण आलेलं होतं, वेस उघडलेली होती. बस हुलसूरला थांबली तरी शिवलीला जागेवरच होती. शेवटी कंडक्टरनं हाक मारली.

आणि संगमेश्वर अजून पाचव्यावर होता. पुढचं सांगायचं नाही, हा घरातला सगळ्यात जुना नियम. राजपुत्र मरतो हे ती एकदा बोलून गेली होती, तेव्हा अख्खी दिवाळी तो तिच्याशी बोलला नव्हता.

माळ बांधून ती अंगणात गेली.

"अण्णा, नावाचं आणखी एकदा बघू का?"

"कामून?" सतरंजी टाकता टाकता तो थांबला. "थांब. तू सहावं वाचलंस."

"मी कुठं काय म्हणायले—"

"बोलू नगंस!" त्यानं दोन्ही कान दाबले. "तोंडावरबी काही दाखवू नगंस. तिकडं बघ. त्या हांड्याकडं बघ."

ती हांड्याकडं बघत उभी राहिली. गप्प राहावं, तर शहर जाळणारीचं नाव त्या एवढ्याशा कानात घालायचं. बोलावं, तर भावानं इतकी वर्षं पुरवून ठेवलेला शेवट पाण्यात. आतून बायकांचा गलका वाढत होता.

मधल्या खोलीत भुवनेश्वरी वैनी बाळाच्या कपाळाला विभूती लावत होती. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण वैनीनं त्या पुस्तकांबद्दल एकदाच विचारलं होतं, यात एवढं काय असतं म्हणून. शिवलीलानं तेव्हा उत्तर दिलं होतं, आणि ते संपेपर्यंत वैनीची भाकरी करपली होती. पुन्हा विषय निघाला नव्हता.

"लीलाक्का, दार लावा जरा," वैनी म्हणाली. "एक सांगू का? ओरेना नगं."

"का?"

"हळू. त्यांनी अजून वाचलं न्हाई."

शिवलीला खालीच बसली.

"माहेरी खटकचिंचोळीला काय काम व्हतं मला? एका हातात ही, एका हातात मोबाईल. बाळंतिणीनं डोळ्याला ताण देऊ नये म्हणून अव्वा वरडायची. साही झाली वाचून."

"वैनी! आन् बोलला न्हाईत?"

"तुमचं दोघांचं चाललेलं असतंय. मधे कुठं तोंड घालू?"

"मग मला सांगा, शरण आलेल्यांना जाळलं तिनं. राग न्हाई आला?"

"दया आली." वैनीनं टोपड्याची गाठ मारली. "तुझं चुकायलंय म्हणणारं एकबी माणूस जवळ ठेवलं न्हाई तिनं. पण दया येती म्हणून नाव ठेवत न्हाईत."

"मग हादेकच्या बायकोचं नाव ठेवायचं का?"

"रडकी."

दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसल्या.

"तमीरा," वैनी म्हणाली. "बाकीच्या ड्रॅगनांनी जाळलं. ही तेवढी तोंड मिटून बसली. राणीनं हुकूम सोडला, टाच मारली, तरी उघडलं न्हाई. अंगात एवढी आग आन् तोंड मिटलेलं. सोपं हाय का?"

"पण ती ड्रॅगन हाय, वैनी."

"मग? आपल्या गल्लीत दोन नागम्मा हायत की."

बाहेर हाकाटी सुरू झाली. बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेलं आणि पाळण्यात निजलं. शिवलीला वाकली. तिनं कानाशी कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत हौसेनं धपाटे घातले. राजूबाईंचा सगळ्यात जोरात होता.

"काय ठेवलं?"

"तमीरा."

"तमीरा, तमीरा," बायकांनी जिभेवर घोळवून बघितलं. "चांगलं हाय की."

"आन् दारातली कोण मग?" गौरम्मांनी विचारलं. तोवर घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

संगमेश्वर गर्दीतून पाळण्याजवळ आला. "लीले, हे काय? ओरेनाला काय झालं?"

शिवलीलानं दोरीवरची माळ सारखी केली. त्यानं बायकोकडं बघितलं. भुवनेश्वरी पाळण्याची दोरी हलवत होती आणि तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा होता. इतका कोरा चेहरा विनाकारण कुणी ठेवत नाही.

"तू पण?" तो म्हणाला. "कितव्यावर हायस?"

"संपली."

त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग त्याला हसू यायला लागलं, ते त्यानं आवरलं नाही. "म्हणजे ह्या घरात मागं राहिलेला मी एकटाच." त्यानं वाकून मुलीला उचललं आणि गालाशी धरलं. "मी आन् तू. व्हय का न्हाई, तमीरा?"

"तिला तर सगळं मोठ्यानं वाचून दाखवलंय," भुवनेश्वरी म्हणाली. "शेवटासकट."

पोरगी तेवढ्यात तोंड उघडून काहीतरी हुंकारली. संगमेश्वरनं आपला कान हळूच लांब घेतला.