पंचमात लावलेला बास

गज तारांवर टेकवून तौनो म्हणाला, "ऐक आता. आणि हसलीस तर कॉफी मिळणार नाही."

इर्मेली कसली हसतेय! तिला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. फिनलंडमधल्या तुर्कू शहराच्या वाद्यवृंदात चाळीस वर्षं मागच्या रांगेत राहून दुसऱ्यांच्या सुरांना खालून टेकू देणारा हा माणूस शुक्रवारी निवृत्त होत होता. निरोपाला एकट्या बाससाठी, त्या माणसाएवढ्या थोराड व्हायोलिनसाठी, काहीतरी लिहून दे, असं त्याने तिला लाजत लाजत सांगितलं होतं. आणि या बाईने काय केलं? बासहून लहान चेलो वाजवणाऱ्या एकाने "रडगाणं आहे" म्हणून परत केलेली जुनी रचना काढली, सगळी एक सप्तक खाली उतरवली आणि वर झोकात लिहिलं, 'तौनोसाठी'.

तो वाजवू लागला. जाडजूड तारांवर म्हातारी बोटं धापा टाकत होती, पण रडगाणं काही वाटेना. शेवट जवळ आला तसं इर्मेलीला एकदम आठवलं. शेवटी चारही मोकळ्या तारा एकदम वाजायला हव्या होत्या. चेलोच्या तारा सा-पंचमाच्या अंतराने लावतात, बासच्या सा-मध्यमाच्या. ते सूर बासवर मोकळे निघणारच नव्हते. बदलायचं ती साफ विसरली होती.

तौनोने डावा हात बाजूला घेतला आणि गज चारही तारांवरून ओढला. सूर अचूक लागले. खिडकीची काच थरथरली.

"हे कसं काय?" तिने विचारलं.

"शेवटचे सूर चेलोचे दिसले. मग नव्या तारा चढवल्या. पंचमात लावल्या. चाळीस वर्षांची बोटं पुन्हा बिगरीत घातली, बाई!"

"अहो, मला सांगायचं तरी! मी लगेच बदलून दिलं असतं."

तौनो गजाला राळ लावत बसला.

"मी घरात धाकटा. थोरल्याचा कोट मला यायचा. आई बाह्या आखूड करून द्यायची." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्याकडून बाह्या तेवढ्या राहिल्या. मग मीच हात लांब केले."

इर्मेलीला मान वर करवेना. तिने पेन काढलं आणि पहिल्या पानावरच्या आपल्याच 'तौनोसाठी'कडे हात नेला.

तौनोने पान चटकन ओढून घेतलं.

"ते खोडू नकोस हं. शुक्रवारी लेक येतेय माझी. तिला फोनवर वाचून दाखवलंय मी."

आणि तो कॉफी ओतायला उठला.