मशीन जैसे थे

आई गेली तेव्हा तिचं शिवणयंत्र दुरुस्तीला होतं. घरात असतं तर दोन्ही भावंडं एकमेकांच्या अंगावर धावून गेली असती आणि संध्याकाळपर्यंत विषय मिटला असता. पण ते तिसऱ्याच्या ताब्यात होतं, त्यामुळे प्रकरणात कायदा शिरला.

मशीन आईचं, पाय बेबीचे. पन्नाशी आली तरी घरात ती बेबीच. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्याच मशीनवर शाळेचे गणवेश शिवून ती दोघींचं पोट भरत होती. थोरल्या दादाला शिवणातलं एवढंच कळायचं, की शर्टाला बटणं असतात.

दोघं एकाच सकाळी मेकॅनिकच्या दुकानात हजर झाले.

"आईनं मशीन मला द्यायचं ठरवलं होतं," दादा म्हणाला. "हिला दिलंत तर तुम्हाला कोर्टात खेचीन."

"आणि याला दिलंत तर मी खाऊ काय?" बेबी म्हणाली.

"साहेब, तुम्ही मशीनचं करणार काय?" मेकॅनिकनं विचारलं.

"प्रश्न मशीनचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्वावर चड्ड्या शिवता येतात का रे दादा?"

मेकॅनिक घाबरला आणि वकिलाकडे गेला. वकील खूश झाला. "तुम्हाला स्वतःला मशीन नकोय ना? मग कायद्यात सोय आहे. आपणच कोर्टात जायचं आणि सांगायचं, वस्तू माझी नाही, ही दोघं हक्क सांगतायत, कोणाला देऊ ते तुम्हीच ठरवा. तुम्ही मोकळे."

मेकॅनिक मोकळा होण्यासाठी कोर्टात गेला. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिल्याच तारखेला हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत मशीन मेकॅनिकच्याच दुकानात, जैसे थे.

आता त्या दिवशी मशीन जैसे होतं, ते असं: धड टेबलावर उताणं, पट्टा खिळ्याला लटकलेला आणि शटल बशीत, रॉकेलमध्ये भिजत घातलेलं. कोर्टाचा माणूस येऊन बशीसकट सगळ्याचे फोटो काढून गेला.

"जोडून ठेवू का?" मेकॅनिकनं विचारलं. "अर्ध्या तासाचं काम आहे."

वकील दचकला. "वेडे आहात का? जोडलंत तर जैसे थे राहील का?"

"निदान तेल घालतो."

"फोटोत तेल आहे?"

फोटोत तेल नव्हतं. बशीतलं रॉकेल उडून गेलं. नवं घालणं म्हणजे हुकुमाचा भंग, म्हणून बशी कोरडी राहिली. बेबी तारखेहून परतताना दुकानाच्या दारात थांबायची. तिच्या आत येण्याला दादाच्या वकिलानं हरकत घेतली होती. लांबूनच म्हणायची, "काका, गंज चढतोय हो."

"दिसतोय ना मला. पण हात लावायची चोरी आहे, ताई."

शाळेनं दुसरीकडून तयार गणवेश घेतले. बेबी एका दुकानात काजं करायला लागली, हातानं. तारखेमागून तारखा पडत गेल्या. अखेर दादा साक्षीला उभा राहिला. आईनं मशीन देण्याबद्दल नेमकं काय म्हटलं होतं, हे न्यायाधीशांनी विचारल्यावर तो म्हणाला, "तिच्या मनात होतं." मशीन बेबीला मिळालं.

तिनं दुकानात जाऊन चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. मेकॅनिकनं दोन्ही हातांनी जोर लावला, मग शर्टाला हात पुसले. "हे भाग आता कुठे मिळत नाहीत," तो खाली बघत म्हणाला.

तरी तिनं ते घरी आणलं आणि खिडकीशी, जुन्या जागी ठेवलं.

आठवड्याभरात दादा आला, बगलेत कापडाचा गठ्ठा घेऊन. मशीनकडे बघून म्हणाला, "चला, झालं ना तुझ्या मनासारखं? मी काही मनात ठेवलेलं नाही. तुझ्या वहिनीच्या पडद्यांना तेवढी टीप मारून दे. सरळच आहे."

बेबीनं गठ्ठा घेऊन मशीनवर ठेवला.

"कधी येऊ न्यायला?"

"ये कधीही," ती म्हणाली. "जैसे थे असतील."