खुनी कुणी लपवला?

मी एक रहस्यकादंबरी बोलतेय. नाव नाही सांगत. मुखपृष्ठावर रक्त आहे, तेवढी ओळख पुरे. छपाई पुण्यात झाली आणि आले ती थेट कर्जतला, प्रेमलाताईंच्या घरी. ताई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा एक नेम होता: खुनी आपण ओळखायचा, मगच शेवटचं प्रकरण उघडायचं. आजवर एकही खुनी त्यांच्या हातून सुटला नव्हता.

माझ्या वेळीच नेमके त्यांचे डोळे अधू झाले. "आई, आता ऐकत जा," म्हणत मुलानं, सुश्रुतनं, मोबाईलवर मलाच लावलं! अहो, मी उशाशी पडून स्वतःला ऐकत होते. कोण असेल हा बोलणारा? गळा काय गोड! दार करकरलं की आवाज असा दाबायचा, की सगळं ठाऊक असून मलाच धडकी भरायची.

पण ताईंना खुनी काही सापडेना. पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटचं प्रकरण आलं की मोबाईल बंद.

"शेवट ऐकून टाक ना एकदाचा," सुश्रुत म्हणाला.

"नको रे. डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं वाटतं," म्हणत ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

मला फार वाईट वाटलं. खुणा तर मी सगळ्या दिल्या होत्या. मग अडतंय कुठं?

शेवटी त्यांचे यजमान, नृसिंहराव, मला घेऊन बसले. त्यांना रहस्यकथांचं भारी वावडं. सातबारा वाचावा तसे एका सुरात वाचत सुटले. कर्जतजवळच्याच एका शेततळ्यात प्रेत सापडतं. 'मी पुण्याचा, या भागात कधी आलोच नाही,' असं सांगणारा इंजिनियर घाबरून पोलिसांना म्हणतो, "तळ्यात पानी किती, मला काय माहीत?"

"पाणी म्हणा हो!" ताई सवयीनं म्हणाल्या.

"छापलंयच पानी. मी काय करू?"

"छपाईची चूक असेल. मोबाईलवाला नीट 'पाणी' म्हणतो..." ताई एकदम थांबल्या. "अहो, कोण म्हणतंय हे?"

"इंजिनियर."

"पुण्याचा ना? अहो, हा आपल्याच भागातला आहे मेला! घाबरला आणि जीभ घरी पळाली! यानंच मारलं!"

नृसिंहरावांनी घाईघाईनं शेवट उघडला. "अगं, खरंच की!"

ताई अशा हसल्या म्हणून सांगू! लगेच सुश्रुतकडून मोबाईलवर अभिप्राय लिहून घेतला: 'कादंबरी उत्तम. वाचन गोड. फक्त वाचणाऱ्यानं एक 'न' सुधारला आणि खुनी सोडून दिला.'

सध्या मी टीपॉयवर असते. शेवट माहीत असूनही नृसिंहराव मला पहिल्या पानापासून वाचतायत, तेही चोरून. तुम्हीही कधी मला मोठ्यानं वाचाल. तेव्हा बाबांनो, चूक दिसली की लगेच खोडू नका. आधी विचारा, ती कुणाची?