प्लंबरच्या हाताची खोड

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या प्लंबरच्या हौसेला तर पैसाही नव्हता. तरी त्याने खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी उभी केलीच. काचेची पेटी मेहुणीच्या माळ्यावर पडून होती, पाइप कामावरून उरलेले होते. विकत आणलं ते समुद्री मीठ, छोटा पंप आणि एक नारिंगी मासा.

मासा पाण्यात सोडला तेव्हा प्लंबर पोरासारखा नाचला. पण फिल्टरमधून टाकीत धार पडायची, आणि तो आवाज कानावर आला की त्याचा हात आपसूक जाऊन कॉक बंद करायचा. सारा जन्म गळती थांबवण्यात गेलेला. हाताला कोण समजावणार?

"अहो, पुन्हा बंद केलात," बायको म्हणायची. "मासा गुदमरेल की."

"मी कुठं?" म्हणत तो हात खिशात घालायचा.

शेवटी तिने कॉकची दांडीच काढून आपल्या पर्समध्ये टाकली. मग धार अखंड वाहू लागली, मासा ऐटीत फिरू लागला आणि प्लंबर जेवता जेवता खुळ्यासारखा हसू लागला.

पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला गळका नळ दाखवायला बोलावलं. त्याने पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि डोळे मिटून टपटप ऐकत बसला.

"अरे, दुरुस्त करतोस ना?" काकूंनी विचारलं.

"करतो की. पण काकू, आधी सांगा, तुमच्या माळ्यावर एखादी काचेची पेटी आहे का?"