जिमीचा हवापालट

त्रेपन्न सालच्या वैशाखात अंबरनाथच्या कारखान्यातले श्रीपादसाहेब बायको सुनंदाबाई आणि कुत्रा घेऊन आमच्या बदलापूरच्या डोंगरवाडीत माझ्या घरी हवा पालटायला आले. बैलगाडीतून आधी कुत्राच उतरला.

“आजारी कोण?” मी विचारलं. हवा पालटायला माणूस दुखणं घेऊनच येतो.

“हा जिमी. याला खालचा उकाडा सोसत नाही, वेणूबाई.”

कुत्र्याला हवापालट! मी त्याला दोन वेळा तांदळाची पेज घालायचे आणि दिवसभर निरखायचे. मेलं कसलं दुखणं! माझ्या कोंबड्यांची पळता भुई थोडी केली त्यानं. सुनंदाबाई मात्र ओट्यावर बसून असायच्या, भाकरी ताटात तशीच.

चौथ्या दिवशी मी साहेबांना गाठलं. “खरं सांगा, याला झालंय काय?”

ते हळूच म्हणाले, “माझ्या आईचं दुखणं हिनं दोन वर्षं काढलं. आई गेली, आता ही झिजलीय. पण ‘मला काय धाड भरलीय’ म्हणते. स्वतःसाठी आली नसती, कुत्र्यासाठी आली.”

संध्याकाळची पेज मी जिमीला घातलीच नाही. वाटीत ओतली, वर तूप सोडलं आणि सुनंदाबाईंच्या हातात दिली.

“त्याला उतार पडलाय,” मी म्हणाले. “आता तुम्ही घ्या.”